उपयोगाचा रकाना

टोकरखाडा, सिल्वासा
२ जुलै २०२४

दादा,

नमस्कार आधीच घे, पुढे विसरेन. रविवारी फोन केला होता. तू चार वेळा "कोण मालती?" विचारलंस आणि पाचव्यांदा "राँग नंबर" म्हणून ठेवून दिलास. ते कानातलं यंत्र कपाटात ठेवून कान बरा होणार नाही, हे वहिनीने तुला सांगितलंच असेल. मोबाइलवरचं तुला वाचवत नाही. म्हणजे आपण दोघं परत पत्रावर आलो.

काम आहे. माझं नोकरीचं हे शेवटचं वर्ष, मे महिन्यात सुटेन. एकतीस वर्षं विज्ञान शिकवलं, आता शांतपणे जाऊ देतील असं वाटलं होतं. पण आधीच उल्हास त्यात फाल्गुन मास. शाळेची औषधी बाग माझ्याच गळ्यात पडली आहे. आमचे मुख्याध्यापक सुकदेव सर म्हणतात, ऑक्टोबरात तपासणी आहे, बागांची स्पर्धाही आहे, तर प्रत्येक झाडाशेजारी रंगवलेली पाटी हवी. पाटीवर तीन ओळी: नाव, शास्त्रीय नाव, उपयोग. एकही रकाना रिकामा नको. रिकामा दिसला की तपासणारा नेमकं तिथेच बोट ठेवतो.

चोवीस झाडं आहेत. यादी मागच्या पानावर आहे. पहिल्या दोन ओळी मी लिहीन. तिसरीसाठी तू. तुझी नर्सरी आहे, झाडपाल्याचं तुला कळतं, आणि मला पुस्तकं उघडून बसायचा खरंच कंटाळा आलाय. यादीतलं शेवटचं झाड तूच दिलेलं. गेल्या मे महिन्यात पत्र्याच्या डब्यात घालून दिलं होतंस ते इन्सुलिनचं. स्वयंपाकघराच्या नळाखाली लावलं, भांड्यांचं पाणी पिऊन माजलंय.

पाट्या मोठ्या अक्षरात करणार आहे. त्यात माझा एक स्वार्थ आहे. मुलांचं दुपारचं जेवण करायला कमळाबाई म्हणून आहे आमच्याकडे. धुळ्याकडची, नवरा चिंधा इथे कारखान्यात, राहतात अथालला चाळीत. माझ्या साक्षरता वर्गाला दोन वर्षं येते. पंचेचाळिशीची बाई, अक्षरं सगळी ओळखते, पण जोडून वाचायचं म्हटलं की घाबरते. रोज एक पाटी वाचायची, असं तिला सांगणार आहे.

पाऊस इतका आहे की दमणगंगेचं पाणी बघायला लोक पुलावर गर्दी करतात. माझे गुडघे तेवढी हौस करू देत नाहीत.

मालती

०

केळशी
१३ जुलै २०२४

प्रिय मालू,

राँग नंबरबद्दल क्षमा. मला "मारुती" ऐकू आलं. मारुती नावाचा एकच माणूस मी ओळखतो आणि तो वारला.

उपयोग घे लिहून. अडुळसा: खोकला, कफ. निर्गुंडी: सांधे दुखतात त्याला पाला गरम करून बांधावा. तुझ्या गुडघ्यांनाही बांध, नुसती पाटी लावू नकोस. गवती चहा: पडसं, थंडी. पानफुटी: मूतखड्यावर देतात. माका: केसांना, माझ्याकडे बघून हा उपयोग खोडू नकोस, मी लावलाच नाही कधी. कोरफड: भाजलेल्यावर. पानओवा: पोरांच्या पोटदुखीला, आणि भजी फार छान होतात, तेही लिही. वेखंड, गुळवेल, जास्वंद, पारिजातक, बाकी सगळं वेगळ्या कागदावर सविस्तर दिलं आहे.

कण्हेर शाळेत लावायला कोणी सांगितलं होतं? लावलीच आहे तर उपयोगात "देवपूजेची फुले" लिही आणि खाली लाल रंगात "विषारी, तोंडात घालू नये". पोरांचा भरवसा नाही. क्रोटनला उपयोग काहीच नाही. "शोभा" लिही. काही माणसांच्या पाटीवरही तेवढंच लिहावं लागेल.

शेवटचं इन्सुलिन. "मधुमेहावर गुणकारी. रोज सकाळी एक पान चावून खावे." आमच्याकडे मुंबईचे लोक गाडी थांबवून तेच मागतात. आंब्याची कलमं राहतात पडून.

विजया बरी आहे. हल्ली मला बिनसाखरेचा चहा देते. म्हणते, या वयात चव कळते कुणाला.

विश्वनाथ

०

टोकरखाडा
२१ ऑगस्ट २०२४

दादा,

पाट्या लागल्या. पेंटरने पिवळ्यावर हिरव्या अक्षरांत छान काढल्या. सुकदेव सरांनी फिरून बघितल्या आणि "क्रोटनचा उपयोग जरा वाढवा" म्हणाले. मी "हवा शुद्ध करते" असं घालून दिलं. करतही असेल. कोण मोजायला येतंय.

आता तुला एक गोष्ट सांगते, म्हणजे मी नुसतं रडगाणंच गाते असं वाटणार नाही. गेल्या सोमवारी मी वर्गात निघाले होते. कमळाबाई नळाखाली मोठा टोप घासत होती. हात थांबवून ती त्या पाटीकडे तोंड करून पुटपुटत होती. मी आडोशाला उभी राहिले. "म-धु... मधुमे-हावर... गुण-का-री." मग पुढची ओळ. अडखळत, पण सगळी वाचली. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी बोट धरलं नव्हतं. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "मॅडम, हे मी पयलंच असं सोताहून वाचेल. आन हे तं माह्याच रोगाचं लिहेल आहे."

तिला चार वर्षं साखर आहे, हे मला माहीत होतं. सरकारी दवाखान्यात गोळ्या फुकट मिळतात, पण रांगेत अर्धा दिवस जातो, आणि तिने एक दिवस दांडी मारली तर दीडशे मुलांच्या जेवणाचा घोळ होतो. आता ती रोज सकाळी कामाला लागण्याआधी पाटी वाचते आणि पान तोडते. वाचून मगच तोडते. मला हसू येतं आणि डोळ्यांत पाणीही येतं. एकतीस वर्षांत किती पोरं वाचायला शिकवली ते सांगता येणार नाही, पण वाचलेलं लगेच कुणी असं उपयोगाला लावलं नव्हतं.

ती विचारते, एक पान पुरतं की दोन खाऊ? तुला विचारून सांगते म्हणाले.

मालती

०

केळशी
४ सप्टेंबर २०२४

मालू,

दोन खाल्ली तरी चालतील. रिकाम्या पोटी. जरा आंबट लागतं, तिला सांग थुंकू नकोस. तुझं पत्र मी विजयाला वाचून दाखवलं. ती आत निघून गेली. गणपती तीन दिवसांवर आलाय, तिला नारळ खवायचे असतात.

मला मात्र बरं वाटलं. आपल्या घरात शिकवणारी तू एकटीच. मी आपला मातीत हात घालणारा. पण माझ्या हाताने लावलेल्या रोपामुळे तिकडे कुणी बाई वाचायला लागली, म्हणजे थोडं शिकवणं माझ्याही नावावर जमा धर.

शेवंतीला आता पाणी कमी कर. तुळशीचे तुरे खुडत जा, नाहीतर ती वाळते.

विश्वनाथ

०

केळशी
१९ ऑक्टोबर २०२४

मालू,

दीड महिना पत्र नाही. गणपतीचं सांगणारं एक तरी येईल वाटलं होतं. बरी आहेस ना? विजयाने फोन केला, तू उचललास, दोन वाक्यं बोललीस आणि "कामात आहे" म्हणालीस असं ती सांगते.

तपासणी झाली का? बागेचा नंबर आला का? कमळाबाई आता सगळ्या पाट्या वाचते का? तिच्या साखरेचं काय? इथे गिऱ्हाइकांना मी तिची गोष्ट सांगतो. नाव सांगत नाही, "सिल्वाशाची एक बाई" एवढंच. लोकांना आवडते.

विश्वनाथ

०

टोकरखाडा
५ नोव्हेंबर २०२४

दादा,

मी ठीक आहे. गुडघे, दुसरं काय. दिवाळीत फराळ बाहेरून आणला.

तपासणी चोवीस ऑक्टोबरला झाली. दुसरा नंबर आला. एक ढाल मिळाली आहे, ती सुकदेव सरांच्या खोलीत आहे. पाट्यांचं खास कौतुक झालं. "उपयोग सोप्या भाषेत दिले आहेत" असं शेऱ्यात लिहिलंय.

कमळाबाई रजेवर आहे. पायाला लागलं होतं. तिच्या जागी दुसरी बाई ठेवली आहे, तिला भात जमत नाही.

एक विचारायचं होतं. त्या शेवटच्या झाडाचा उपयोग तुला कुठून कळला? पुस्तक असेल तर पुस्तकाचं नाव कळव. तू कुणाला बरं झालेलं बघितलं असशील तर तेही.

तुझ्या गिऱ्हाइकांना ती गोष्ट सांगू नकोस. उगाच कुठून कुठे जाते.

मालती

०

केळशी
१६ नोव्हेंबर २०२४

मालू,

दुसऱ्या नंबराबद्दल शाबासकी. पहिला आला असता, तुझ्या त्या क्रोटनने घालवला.

तू मास्तरीणच राहिलीस, बक्षीस मिळाल्यावरही पुस्तकाचं नाव विचारतेस. अगं, हे पुस्तकात कशाला बघायला हवं? सगळेच म्हणतात. झाडाचं नावच इन्सुलिन आहे. पाच-सहा वर्षांपूर्वी रोपं पुरवणारा एक जण आला, त्याने दहा रोपं दिली, तेव्हापासून आहे आपल्याकडे. पी हळद अन् हो गोरी असं कुठल्याच पाल्याचं नसतं, सावकाश गुण येतो.

बाई रजेवर आहे तोवर पानं जून होतील. शेंडे खुडून टाक, नवी फुटतील, ती परत येईपर्यंत कोवळी मिळतील. मी तुला आणखी दहा रोपं पाठवतो. मे महिन्यात निवृत्त होशील तेव्हा शाळेतल्या सगळ्यांना एकेक देऊन टाक. पेढ्यांपेक्षा बरं.

विश्वनाथ

०

टोकरखाडा
१ डिसेंबर २०२४

दादा,

रोपं पाठवू नकोस.

मागच्या पत्रात मी तुझ्यापासून लपवलं. तुला वाईट वाटेल म्हणून लपवलं असं मी स्वतःला सांगत होते. खरं म्हणजे लिहायला बसलं की मला माझंच लिहावं लागलं असतं. ते टाळत होते.

सप्टेंबरच्या शेवटी कमळाबाईच्या पायावर उकळतं वरण सांडलं. तिला ते कळलंच नाही, दादा. मुलांना वाढून झाल्यावर चप्पल काढली तेव्हा फोड दिसला. साखरेत पाय बधिर होतात, ते मी दहावीला शिकवते. मी विचारलं, गोळ्या घेतेस ना? ती म्हणाली, "नाही मॅडम, पान खाते ना मी. ऑगस्टपासून बंद." मी म्हटलं, अगं, गोळ्यांबरोबर खायचं ते. ती माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "पण बोर्डवर गोळीचं तं काहीच लिहेल नाही."

तिचं काय चुकलं सांग. दोन वर्षं मीच तिला शिकवत होते की, ऐकीव बोलण्यावर जाऊ नकोस, लिहिलेलं वाच. लिहिलेलं तिने वाचलं. कण्हेरीच्या पाटीवर तू लाल अक्षरं घालायला लावलीस, तिथे आपण दोघांनी किती काळजी घेतली.

पुढचं ऐक. ते माझं आहे. मी सुकदेव सरांकडे गेले, म्हटलं, ती पाटी काढते. ते म्हणाले, तपासणी होऊ द्या, चोवीसच्या तेवीस दिसतील, मग काढा. मी बरं म्हटलं. भांडले नाही. आता आठ महिने राहिलेत, कशाला वाद, एवढंच डोक्यात होतं. कमळाबाईला तोंडाने सांगितलं, गोळ्या सुरू कर. तिने मान हलवली. पण रोज सकाळी ती नळावर यायची आणि समोर पाटी उभीच होती. माझ्या तोंडच्या शब्दापेक्षा तिला पाटी खरी वाटली. तसं मीच शिकवलं होतं. चार आठवडे ती लंगडत स्वयंपाक करत राहिली. तपासणीला आलेल्या साहेबांना पोहे तिनेच करून दिले.

पंचवीस ऑक्टोबरला मी पाटी उपटली. एकोणतीसला चिंधा तिला दवाखान्यात घेऊन गेला. दोन बोटं काढली. जखम भरत नाही, वर चढते आहे. मी दिवसाआड जाते. तिची मुलगी रोशनी बारावीला आहे, ती रात्री आईजवळ बसून सकाळी कॉलेजला जाते. चिंधा पाळी संपवून थेट येतो आणि मला बघितलं की हात जोडतो. "मॅडम, तुमी तिच्यासाठी लय करी राहिल्या." मी थर्मास खाली ठेवते आणि बसते.

मी तिला अजून सांगितलेलं नाही. तिला वाटतं, पान खाण्यात तिचीच काहीतरी चूक झाली. कोवळं खाल्लं की जून, एक खायला हवं होतं की दोन. परवा विचारत होती, झाडाला कुणी पाणी घालतं का.

मला एकच हवंय. त्या पानाने बरा झालेला एक माणूस सांग. एकाचं नाव. म्हणजे मी तिला सांगू शकेन की कुणाला तरी गुण येतो, तुला आला नाही. तेवढं तरी खोटं नसेल.

मालती

०

केळशी
१४ डिसेंबर २०२४

मालू,

पत्र आलं तेव्हा मी नर्सरीत होतो. वाचून झाल्यावर तिथेच बसून राहिलो. संध्याकाळी विजया शोधत आली. तिच्या हातात पत्र दिलं. वाचून ती म्हणाली, "आता तरी लिहा तिला." म्हणून लिहितो. अक्षर वाईट आहे, सांभाळून घे.

तुला नाव हवंय. माझ्याकडे नाव नाही. एकही नाही. लोक रोप घेऊन जातात, परत येऊन सांगत कुणीच नाही. आणि मी कधी विचारलंही नाही.

दुसरं तुला माहीत नाही. मला नऊ वर्षं साखर आहे. सुरुवातीला गोळ्या होत्या, गेली तीन वर्षं सकाळ-संध्याकाळ सुई घेतो. विजया टोचते. दापोलीच्या डॉक्टरकडे दर तीन महिन्यांनी जातो. तुला सांगितलं नाही, कारण साखरेने आईचं काय झालं ते तू बघितलंस, तू काळजी करत बसशील असं वाटलं. गावात कुणाला सांगितलं नाही, कारण इन्सुलिनची रोपं विकणारा माणूस स्वतः इन्सुलिन टोचून घेतो हे कळलं तर लोक हसतील. खरं कारण हेच. पहिलं आत्ता लिहिताना सुचलं.

आणि मी त्या झाडाचं एक पानसुद्धा कधी खाल्लं नाही. माझ्या दारात चाळीस झाडं आहेत. तोंडात घालावं असं मनातही आलं नाही. आंबट लागतं हे गिऱ्हाइकांकडून ऐकलं होतं, ते तुला माझं म्हणून लिहिलं. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. ही म्हण मी दुसऱ्यांवर आयुष्यभर हसत फेकली.

मग तुला का लिहिलं? मला आठवतं आहे. तेवीस झाडांचं लिहून झालं होतं. ते मला माहीत होतं, माझं होतं. शेवटचं राहिलं. जेवायची वेळ झाली होती. तू लिहिलं होतंस, रकाना रिकामा नको. "ठाऊक नाही" असं लिहायला मला तुझी लाज वाटली. धाकट्या बहिणीने पहिल्यांदा काही विचारलं होतं. गाडीवाल्यांना सांगतो तेच खरडलं आणि उठलो. सुई टोचून घेतली आणि जेवायला बसलो, मालू. त्याच दिवशी, त्याच वेळी.

"दोन खाल्ली तरी चालतील" हे लिहिलं तेव्हा विजया आत निघून गेली, ते नारळ खवायला नव्हे. रात्री ती मला म्हणाली होती, "ती बाई औषध घेते का ते विचारा." मी म्हटलं, मालती आहे तिथे, ती बघेल.

चाळीस झाडं काल उपटून टाकली. त्याचा आता तिला काही उपयोग नाही, ते मला कळतं. मी येऊ का तिकडे? येऊन तिच्यासमोर उभा राहू का? तू सांगशील ते करेन. तिला सगळं सांग. माझं नाव घेऊन सांग.

विश्वनाथ

०

टोकरखाडा
८ जानेवारी २०२५

दादा,

तुझं पत्र तीनदा वाचलं. रागवायला अंगात ताकद लागते, ती माझ्यात नाही. तू येऊ नकोस. तुझी सुई, तुझी वेळ, इथे कोण बघणार? गोळ्या-सुया नीट घे. साखर लपवलीस त्याचं वाईट वाटलं, पण आता आपण दोघांनीही काय काय लपवलं याचा हिशेब घालायला नको.

कमळाबाईचं पाऊल काढलं. घोट्याच्या वरून. परवा, सोमवारी. ती शुद्धीवर आहे, ताप नाही. डॉक्टर म्हणाले, पाय गुडघ्यापर्यंत वाचला.

शनिवारी मी तिला सगळं सांगितलं. ऑपरेशनच्या आधी सांगावं की नंतर, दोन दिवस विचार केला. नंतर सांगितलं असतं तर ते माझ्या सोयीचं झालं असतं. दुपारी चिंधा कामावर होता, रोशनी कॉलेजात. मी तुझं पत्र नेलं होतं. पान न खाल्ल्याचा आणि रकान्याचा भाग तिला वाचून दाखवला. ती छताकडे बघत ऐकत होती. वाचून झाल्यावर म्हणाली, "मंग त्यांनी लिहिलं कशाले?"

मी म्हटलं, रिकामी जागा होती म्हणून.

"आन तुमी?"

मी म्हटलं, मीही तशीच उतरवली. विचारलं नाही. आणि तू गोळ्या बंद केल्यास हे कळल्यावरही बक्षिसासाठी पाटी चार आठवडे ठेवली.

तिने रडावं, मला शिव्या द्याव्यात, असं मला वाटत होतं. मी त्या ऐकायला तयार होऊन गेले होते. ती मग म्हणाली, "रोशनीच्या डब्याचं बघशाल का दोन-चार दिवस?" मी हो म्हटलं. रोज देते आहे.

तेवढ्यात नर्स आली. ऑपरेशनच्या परवानगीचा कागद होता. दोन पानं, गुजराती आणि इंग्रजीत. मी म्हटलं, मी वाचून सांगते. मला तेवढं गुजराती येतं. पाय कुठून काढणार, धोका काय, सगळं हळूहळू मराठीत सांगितलं. तिने मान हलवली नाही, नाहीही म्हणाली नाही. नर्सने विचारलं, "सही करता आवडे छे?" मीच हो म्हणाले आणि पेन उघडून पुढे केलं. तिला नाव लिहिता येतं, दादा. पहिल्याच वर्षी शिकली. शाळेच्या हजेरीच्या वहीत रोज तिची सही असते, ळ जरा मोठा काढते.

कमळाबाईने पेनकडे बघितलं नाही. नर्सला म्हणाली, "नाही बेन. मला लिहता-वाचता नाही येत. अंगठा घ्या."

नर्सने माझ्याकडे बघितलं. मी पेन बंद केलं. तिने शाईचा पॅड आणला. कमळाबाईच्या हाताला सलाइन लावलेली, तिला मनगट उचलवेना. मग मीच तिचा अंगठा धरला आणि कागदावर दाबला.

मालती